आठवड्याचे एक नाणे

दानधर्म म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे देवळातील दानपेटी, सणावाराची वर्गणी किंवा दारी आलेला याचक उभा राहतो. कारखाना, कचेरी, इस्पितळ वा बँक ही जागा आपल्या लेखी पोट भरण्याची. पुण्य जोडण्याची नव्हे. तरीही गेल्या दोनशे वर्षांत परोपकारासाठी उभे राहिलेले अनेक मोठे निधी कामाच्या ठिकाणीच जन्मले आहेत. भूकंप झाला, पूर आला की कचेरीत परिपत्रक फिरते, एक दिवसाचा पगार मदतनिधीला जातो. कोणी तो आनंदाने देतो, कोणी कुरकुरत देतो. कुठे एखादा जिव्हाळ्याचा उपक्रम वर्षानुवर्षे टिकतो, तर कुठे मोठ्या गाजावाजाने सुरू झालेली मोहीम दुसऱ्या वर्षीच पावतीपुस्तकासह कपाटात जाते.

असे का होते? कामाच्या ठिकाणी गोळा होणारे दान कशामुळे फळते आणि कशामुळे वठते? या प्रश्नाचे उत्तर व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत शोधण्याची आपल्याला गरज नाही. फ्रान्समधील रेशीम कामगारांमध्ये वावरणाऱ्या एका तरुण मुलीने ते दोनशे वर्षांपूर्वी शोधून काढले होते. तिच्या यशाचा इतिहास बोधप्रद आहे, आणि पुढे तिच्या वाट्याला आलेल्या अपयशाचाही.

करिंथकरांना घालून दिलेला नियम

त्या मुलीकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जाऊ या. यरुशलेममधील ख्रिस्ती बांधव हलाखीत होते, तेव्हा संत पौलाने ग्रीस व आशिया मायनरमधील मंडळ्यांकडून त्यांच्यासाठी निधी गोळा केला. करिंथकरांस लिहिलेल्या त्याच्या दोन्ही पत्रांत या निधीविषयी तपशीलवार सूचना आहेत. त्या लक्षपूर्वक वाचल्या तर तीन गोष्टी ठळकपणे दिसतात. पहिली अशी की प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे; पौल आल्यावर धावपळ करून रक्कम जमवू नये. दुसरी अशी की देणाऱ्याने स्वतःच्या मनाने ठरवून द्यावे, जुलमाने वा खिन्नतेने देऊ नये. तिसरी गोष्ट आपण बहुधा विसरतो. जमलेली रक्कम पौल एकट्याने नेत नाही. मंडळ्यांनी निवडलेली विश्वासू माणसे तो बरोबर घेतो, जेणेकरून एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत कोणी बोट दाखवू नये.

नियमितपणा, स्वेच्छा आणि हिशोब. या तीन पायांवर पौलाचा निधी उभा होता. त्यानंतर अठरा शतकांनी हेच तीन पाय पुन्हा एकदा दिसले, तेही एका कारखान्यात.

रेशमाचे शहर

रोन आणि सोन या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले लिऑन हे फ्रान्सचे रेशमाचे शहर. जाकार या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आपला प्रसिद्ध माग याच शहरात तयार केला. येथील व्यापारी युरोपभरच्या राजघराण्यांना रेशीम पुरवत आणि ते विणणारे कामगार अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत दिवसाचे कितीतरी तास मागावर वाकून काढीत. मजुरीचा दर ठरवून मिळावा म्हणून १८३१ आणि १८३४ साली या विणकरांनी उठाव केले. लष्कराच्या बळावर ते मोडून काढण्यात आले. कामगार चळवळीच्या इतिहासात या उठावांना मानाचे स्थान आहे.

अशा या शहरात २२ जुलै १७९९ रोजी पॉलिन जारिको हिचा जन्म झाला. वडील आंत्वान जारिको हे रेशमाचे व्यापारी होते. सात भावंडांतले हे शेंडेफळ लाडात वाढले. उंची वस्त्रे, दागिने, मेजवान्या यांत बालपण आणि कुमारवय गेले. १८१४ साली एका अपघातानंतर ती दीर्घकाळ आजारी पडली. त्याच वर्षी आईचे छत्र हरपले. १८१६च्या उपवासकाळात संत निझिए चर्चमध्ये फादर व्यूर्त्झ यांचे प्रवचन तिने ऐकले. विषय होता मनुष्याच्या पोकळ डौलाचा. त्या प्रवचनाने तिच्या आयुष्याची दिशा बदलली. तिने रेशमी वस्त्रे टाकली आणि गरीब कामकरी स्त्रियांसारखा साधा पोशाख धारण केला. मठात प्रवेश न घेता प्रापंचिक स्त्री म्हणून तिने आपले उर्वरित आयुष्य प्रार्थनेला व सेवेला वाहिले.

लिऑनच्या दक्षिणेस संत वालिए या गावी तिच्या बहिणीच्या यजमानांचा रेशमाचा कारखाना होता. पॉलिन तेथे राहावयास जाई तेव्हा कारखान्यातील मुली तिच्याभोवती जमत. ती त्यांच्याबरोबर प्रार्थना करी, त्यांची सुखदुःखे ऐकून घेई. मालकाच्या घरची मुलगी कामगार मुलींच्या वेशात त्यांच्यात बसते हे दृश्य त्या काळात दुर्मीळ होते. पुढे उभ्या राहिलेल्या निधीचे मूळ या मैत्रीत आहे. आधी माणसे जोडली गेली. पैशाचा प्रश्न नंतर आला.

दहा जणांचा गट

तो प्रश्न आला तिच्या भावाच्या पत्रांतून. तिचा थोरला भाऊ फिलेआस पॅरिसच्या सेमिनरीत शिकत होता. फ्रेंच राज्यक्रांतीने ख्रिस्तसभेची संपत्ती आणि मनुष्यबळ दोन्ही होरपळून निघाले होते. आशियात मिशनरी पाठवणारी पॅरिसची परदेशी मिशन संस्था नुकतीच सावरत होती, पण तिच्याकडे पैसा नव्हता. फिलेआसने ही व्यथा बहिणीला कळवली. पॉलिनने संत वालिएच्या व लिऑनच्या कामगार मुलींना ती सांगितली आणि त्यांच्याकडून अल्पस्वल्प मदत गोळा होऊ लागली.

परंतु सुटी मदत आज येते आणि उद्या आटते. तिला बांध कसा घालावा याचा विचार पॉलिन करीत होती. १८१९ सालच्या एका संध्याकाळी घरातील मंडळी पत्ते खेळत बसली असता तिला योजना सुचली आणि तिने ती हाताशी असलेल्या पत्त्याच्या पानावर टिपून ठेवली, असे तिच्या चरित्रांत सांगितले जाते. योजना पानावर मावेल इतकी लहान होती, हे मात्र खरे.

प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक ‘सू’ द्यावा. सू म्हणजे पाच सांतीम. वीस सू मिळून एक फ्रँक होई. एका सभासदाने दहा जणांचा गट जमवावा आणि दर आठवड्याला त्यांच्याकडून नाणी गोळा करावीत. असे दहा गट झाले की शंभरांचा एक प्रमुख. शंभरांचे दहा झाले की हजारांचा एक प्रमुख. गटप्रमुखाने शंभरांच्या प्रमुखाकडे, त्याने हजारांच्या प्रमुखाकडे आणि त्याने मध्यवर्ती खजिन्यात रक्कम पोचती करावी. नाण्याबरोबर रोजची एक लहानशी प्रार्थनाही प्रत्येकाने करावी.

हिशोब करून पाहा. वर्षाचे बावन्न आठवडे धरले तर एका कामगाराचे वर्षाला दोन फ्रँक साठ सांतीम होतात. त्यातून काही उभे राहील असे कोणालाही वाटणार नाही. पण दहा जणांचे सव्वीस, शंभरांचे दोनशे साठ आणि हजारांचे दोन हजार सहाशे फ्रँक होतात. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी महाराष्ट्रात माणशी एक पैसा मागत ‘पैसा फंड’ उभारला आणि त्यातून तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला, हे जुन्या मराठी वाचकांना ठाऊक आहे. पॉलिनचा मार्ग त्याच जातीचा होता. १८२० साली तिच्या सभासदांची संख्या हजाराच्या घरात गेली.

ही योजना का फळली याचा विचार केला पाहिजे.

पहिले कारण रकमेचा लहानपणा. मागावर बसणाऱ्या मुलीलाही एक सू देणे शक्य होते. मालकीण आणि मजूर यांनी सारखेच नाणे द्यायचे असल्यामुळे कोणाच्या औदार्याचे प्रदर्शन नव्हते आणि कोणाच्या दारिद्र्याचेही नव्हते. श्रीमंताच्या हजार फ्रँकांपुढे गरिबाचे नाणे लाजते. पण सर्वांचेच नाणे एक असले की लाजण्याचा प्रसंग येत नाही.

दुसरे कारण मागणारा. नाणे मागायला मालक येत नसे, मुकादम येत नसे. शेजारच्या मागावरील मैत्रीण येत असे. मालकाने मागितलेले दान नाकारणे कामगाराला कठीण असते, म्हणून ते दान अर्धे कराच्या जातीचे होते. बरोबरीच्या माणसाला मात्र “या आठवड्यात जमत नाही, बाळ आजारी आहे” असे सांगता येते. आणि हे सांगितल्यावर ती मैत्रीण नाणे न घेता आजारी बाळाला बघायला जाते.

तिसरे कारण दहाची मर्यादा. दहा माणसे एकाच्या ध्यानात राहतात. कोण आले नाही, कोण अडचणीत आहे, कोणाचे काम सुटले हे गटप्रमुखाला वहीत न पाहता कळते. शंभरांच्या यादीत माणूस क्रमांक होतो. दहांच्या गटात त्याचे नाव राहते.

चौथे कारण परत येणारे वर्तमान. नाणी दूरदेशी गेली की मिशनऱ्यांची पत्रे येत. पुढे ही पत्रे नियतकालिकाच्या रूपाने छापली जाऊ लागली आणि दर दहा सभासदांमागे त्याचा एक अंक देण्याची प्रथा पडली. तो अंक एकीच्या हातून दुसरीच्या हाती जाई. ज्या मुलीने लिऑनच्या वेशीबाहेर पाऊल टाकले नव्हते, तिला आपले नाणे कुठवर गेले ते कळू लागले. शिवाय किती जमले, कोणत्या मिशनला किती दिले याचा तपशीलही प्रसिद्ध होई. संत पौलाने विश्वासू सोबती घेऊन जे साधले, ते या छापील पानांनी साधले.

३ मे १८२२

याच सुमारास लिऑनमध्ये अमेरिकेतील लुइझियाना मिशनसाठीही मदत गोळा होत होती. दोन वेगळे निधी एकाच शहरात हात पसरू लागले, तर दोन्ही दुबळे होणार हे उघड होते. ३ मे १८२२ रोजी शहरातील काही धर्मशील प्रापंचिक गृहस्थ एकत्र जमले. बेन्वा कोस्त हे त्यांच्यातील प्रमुखांपैकी एक. निधी एखाद्याच मिशनसाठी न ठेवता जगातील सर्व मिशनांसाठी असावा असा निर्णय त्या बैठकीत झाला आणि ‘श्रद्धाप्रसार संस्था’ स्थापन झाली. संस्थेने पॉलिनची दहा-शंभर-हजारांची पद्धत जशीच्या तशी उचलली. संत फ्रान्सिस झेविअर हा संस्थेचा आश्रयदाता संत ठरला. ज्याने गोव्यात पाऊल ठेवले, वसईलाही भेट दिली आणि ज्याचे पवित्र शरीर आज जुन्या गोव्यात विसावले आहे, त्याच संताचे नाव घेऊन लिऑनचे विणकर रोज प्रार्थना करू लागले.

पहिल्या वर्षी सुमारे तेवीस हजार फ्रँक जमले. त्यांचे तीन सारखे वाटे करून लुइझियाना, केंटकी आणि आशियातील मिशने यांना देण्यात आले. आशियाचा वाटा पॅरिसच्या परदेशी मिशन संस्थेच्या कामाला लागे आणि या संस्थेचे मिशनरी अठराव्या शतकापासून आपल्या पाँडिचेरी भागातही कार्य करीत होते. रेशीम विणणाऱ्या हातांचे नाणे असे समुद्र ओलांडू लागले.

बैठकीत पॉलिनला स्थान नव्हते. संस्थेच्या कारभारातही तिला पद मिळाले नाही. तिने त्याची खंत न करता १८२६ साली ‘जिवंत रोझरी’ सुरू केली. तेथेही सूत्र तेच होते. रोझरीची पंधरा रहस्ये पंधरा जणांत वाटून द्यायची. प्रत्येकाने रोज एकच दशक म्हणायचे, म्हणजे सर्वांची मिळून रोज एक पूर्ण रोझरी होते. एकाने डोंगर उचलण्याऐवजी प्रत्येकाने एकेक खडा उचलावा, ही तिची दृष्टी पैशाइतकीच प्रार्थनेलाही लागू पडली.

मोठी ठेव, मोठा घात

पॉलिनच्या आयुष्याचा उत्तरार्ध तिचे गोडवे गाणाऱ्या प्रवचनांत फारसा येत नाही, पण आपल्या विषयाला तो अगत्याचा आहे. विणकरांचे हाल तिने डोळ्यांनी पाहिले होते. नुसते दान देऊन कामगाराचे दैन्य हटणार नाही, त्याला न्याय्य वेतन, विश्रांती आणि कुटुंबासह राहण्याजोगे घर मिळाले पाहिजे, असे तिला मनापासून वाटू लागले. पोप तेरावा लिओ यांचे कामगारांविषयीचे प्रसिद्ध परिपत्रक १८९१ साली निघाले. त्याच्या जवळजवळ अर्धशतक आधी ही स्त्री त्या दिशेने विचार करीत होती. १८४५ साली तिने प्रोव्हान्स प्रांतातील रुस्त्रेल येथे लोखंडाचा एक कारखाना घेतला. तेथे ख्रिस्ती तत्त्वांवर चालणारी आदर्श कामगार वसाहत उभारावी असा तिचा संकल्प होता. त्यासाठी अनेकांनी विश्वासाने तिच्याकडे पैसे गुंतवले. त्यांत लहान बचत असणारी माणसेही होती.

कारभार ज्यांच्या हाती सोपवला त्यांनी विश्वासघात केला. पैशाची अफरातफर झाली, कारखाना बुडाला आणि कर्जाचा डोंगर पॉलिनच्या डोक्यावर आला. आपल्या जवळचे सर्व विकून, दारोदार हिंडून ती उरलेले आयुष्य ठेवीदारांची देणी फेडीत राहिली. ज्या संस्थेला तिने पद्धत दिली, तिच्या चालकांनीही या संकटात तिला हात दिला नाही. शेवटी तिचे नाव शहराच्या निर्धनांच्या यादीत नोंदवले गेले. ९ जानेवारी १८६२ रोजी ती लिऑनमध्ये मरण पावली.

या दोन प्रकरणांतील अंतर नीट पाहण्यासारखे आहे. हेतू दोन्ही ठिकाणी शुद्ध होता, श्रद्धा तीच होती, कष्टही तेवढेच होते. परंतु पहिल्या निधीत नाणे लहान होते, ते अनेक हातांतून जात होते आणि प्रत्येक हात दुसऱ्या हातावर नजर ठेवून होता. दुसऱ्या उपक्रमात रक्कम मोठी होती आणि ती मोजक्या माणसांच्या हाती एकवटली होती. शुद्ध हेतू हा हिशोबाला पर्याय होऊ शकत नाही, हे पॉलिनच्या दुःखाने आपल्याला शिकवले आहे.

शनिवारची मजुरी

लिऑनमध्ये नाणे मिशनसाठी जमत होते. इंग्लंडमधील कामगारांनी तोच मार्ग आजाऱ्यांसाठी धरला. त्या देशात तेव्हा बहुतेक मोठी रुग्णालये धनिकांच्या देणग्यांवर चालत. अनेक ठिकाणी गरीब रोग्याला भरती होण्यासाठी एखाद्या देणगीदाराचे शिफारसपत्र आणावे लागे. चर्चमध्ये ‘रुग्णालय रविवार’ पाळून दानही गोळा केले जाई. पण रविवारी दानपेटीपुढे न येणारा मोठा कामगारवर्ग त्यातून सुटत होता.

बर्मिंगहॅमचे शल्यविशारद सॅम्पसन गॅमजी यांनी कामगारांकडेच जाण्याचे ठरवले. आपल्या रुग्णालयांत परिचारिका ज्याला गॅमजी पॅड म्हणतात, ती कापूस भरलेली मलमपट्टी याच गृहस्थांची. आपल्या धर्मग्रामांतून परिचारिका झालेल्या कितीतरी मुलींच्या हातांखालून ती गेली असेल. गॅमजी यांच्या प्रयत्नांतून १८७३ साली बर्मिंगहॅममध्ये पहिला ‘रुग्णालय शनिवार’ पाळला गेला. शनिवारी थोडे जादा काम करून त्याची मजुरी रुग्णालयाला द्यावी, असे कामगारांना आवाहन होते. लंडनमध्येही त्याच सुमारास असा निधी सुरू झाला. हळूहळू वर्षातील एका दिवसाची मदत आठवड्याच्या पेनीत बदलली आणि कारखान्यातील कामगारच ती गोळा करू लागले. १९२०च्या दशकात शेफिल्ड शहरात पगारातील प्रत्येक पौंडामागे एक पेनी देण्याची योजना आली. तेव्हा एका पौंडाचे दोनशे चाळीस पेन्स होत. ज्याचा पगार अधिक त्याचे दान अधिक, अशी आपोआप वाटणी त्यात होती.

या चळवळीने आणखी एक गोष्ट घडवली. पैसा कामगारांचा आहे तर रुग्णालयाच्या कारभारात त्यांचेही म्हणणे असले पाहिजे, हा आग्रह सुरू झाला आणि अनेक रुग्णालयांच्या व्यवस्थापक मंडळांवर कामगारांचे प्रतिनिधी बसू लागले. काल जो शिफारसपत्रासाठी बंगल्यापुढे उभा राहत होता, तो आज रुग्णालयाच्या टेबलापाशी बसला. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा या निधींचे मुख्य काम संपले. पण सर्वांनी थोडे देऊन सर्वांच्या उपचाराची सोय करावी ही कल्पना सामान्य माणसाच्या अंगवळणी पाडण्यात त्या पेनीचा वाटा मोठा होता.

पगारपत्रकावरील ओळ

अमेरिकेत या चळवळीला वेगळे वळण मिळाले. कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरात १८८७ साली कॅथलिक धर्मगुरू, प्रॉटेस्टंट पाळक, ज्यू रब्बी आणि फ्रान्सिस जेकब्स ही समाजसेविका एकत्र आली. शहरातील प्रत्येक सेवाभावी संस्थेने वेगवेगळे दार ठोठावण्याऐवजी सर्वांसाठी एकच निधी गोळा करावा असे त्यांनी ठरवले. पहिल्या मोहिमेत २१,७०० डॉलर जमले आणि ते २२ संस्थांना मिळाले. १९१३ साली क्लीव्हलंड शहराने असाच एकत्रित निधी उभारला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पगारातून परस्पर कर कापण्याची पद्धत रुळली, तसे दानही पगारपत्रकावरून कापले जाऊ लागले. नाणे मागायला येणारी मैत्रीण गेली. पगारपत्रकावर एक ओळ आली.

सोय झाली यात शंका नाही. निधी कित्येक पटींनी वाढला. पण सोयीबरोबर एक धोकाही आला. जे दान हाताने द्यावे लागत नाही ते मनातूनही सहज निसटते. देणाऱ्याने विचारणे सोडले की घेणाराही सांगणे सोडतो. १९९२ साली ‘युनायटेड वे ऑफ अमेरिका’ या अशा निधींच्या राष्ट्रीय संस्थेच्या अध्यक्षाला उधळपट्टीच्या आरोपांवरून पायउतार व्हावे लागले. १९९५ साली न्यायालयाने त्याला दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा दिली. देशभरच्या कामगारांच्या पगारातून कापलेल्या डॉलरांच्या विश्वासाला त्याने तडा दिला. पुढे विश्वास परत मिळवण्यासाठी संस्थेला फार कष्ट घ्यावे लागले.

आपल्या देशात पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी जानेवारी १९४८ मध्ये फाळणीतील निर्वासितांसाठी स्थापन झाला आणि तेव्हापासून प्रत्येक मोठ्या आपत्तीत पगारदार माणसाने त्याला हात दिला आहे. येथे प्रश्न आला तो स्वेच्छेचा. वेतन प्रदान कायद्यात अशा निधीसाठी पगारातून रक्कम कापायची तर कामगाराची लेखी संमती हवी, अशी अट होती. २०१८च्या महापुरानंतर केरळ सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना एक महिन्याचा पगार देण्याचे आवाहन केले. अनेकांनी ते मनापासून उचलून धरले. परंतु ज्याला द्यायचे नाही त्याने तसे लेखी कळवावे, असे आदेशात म्हटले होते. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये केरळ उच्च न्यायालयाने ही अट स्थगित केली आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. देण्याचे काम महान होते. पण घरी आजारी आईवडील असलेल्या, कर्ज फेडणाऱ्या एखाद्या कारकुनाने ‘मी देऊ शकत नाही’ असे वरिष्ठांना लिहून द्यावे, हा त्याच्या प्रतिष्ठेवरचा घाव होता. ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या होकाराला दान कसे म्हणावे?

आपल्या कचेरीत, आपल्या धर्मग्रामात

वाचकहो, आपल्या घरोघरची मुलेमुली आज बँकांत, इस्पितळांत, विमानतळावर आणि मोठमोठ्या कंपन्यांत नोकरी करतात. सहकाऱ्याच्या शस्त्रक्रियेसाठी, एखाद्या अनाथालयासाठी वा पूरग्रस्तांसाठी निधी उभारण्याची वेळ त्यांच्यावर केव्हा ना केव्हा येतेच. अशा वेळी वरील इतिहास त्यांच्या उपयोगी पडावा.

रक्कम अशी ठरवावी की शिपायापासून साहेबापर्यंत कोणालाही ती सहज देता यावी. ज्याला अधिक द्यायचे त्याने ते गुप्तपणे द्यावे. कोणी किती दिले याची यादी भिंतीवर लावू नये. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, ही प्रभूची शिकवण कचेरीच्या फलकालाही लागू आहे. मागायला वरिष्ठाने जाऊ नये. प्रत्येक विभागातील एका विश्वासू सहकाऱ्याने आपल्या आठ-दहा जणांची जबाबदारी घ्यावी आणि कोणी नाही म्हटले तर ते तेथेच विसरून जावे. कंत्राटी कामगाराला, नुकत्याच लागलेल्या मुलाला नाही म्हणणे सर्वांत अवघड असते, म्हणून त्याच्याशी सर्वांत सौम्यपणे बोलावे. पैसे एकाच्या खात्यात साठवू नयेत. दोघातिघांनी मिळून मोजावेत आणि पावती द्यावी. आणि काम झाल्यावर, रक्कम कितीही छोटी असो, हिशोब आणि वर्तमान दोन्ही देणाऱ्यांपर्यंत परत न्यावे. पहिल्या मोहिमेचा हिशोब ज्याला मिळाला, त्याला दुसऱ्या मोहिमेत आग्रह करावा लागत नाही. आपल्या धर्मग्रामांतील निधींनाही यातले काहीच वेगळे लागू नाही.

३ मे १९२२ रोजी, स्थापनेला बरोबर शंभर वर्षे झाली त्या दिवशी, अकरावे पायस यांनी लिऑनच्या या संस्थेला पोपमहोदयांच्या अधिकाराखालील संस्थेचा दर्जा दिला आणि तिचे मुख्यालय रोमला आणले. १९२६ साली त्यांनीच मिशन रविवार सुरू केला. आणखी शंभर वर्षांनी, २२ मे २०२२ रोजी, लिऑन शहरातच पॉलिन जारिकोला ‘धन्य’ घोषित करण्यात आले. तिच्या हयातीत तिच्यापासून दूर राहिलेल्या शहराने त्या दिवशी तिचा जयजयकार केला.

दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटून दुसऱ्या रविवारी आपल्या चर्चमध्ये मिशनसाठी दान गोळा होते. मुले हातातली नोट घट्ट धरून आपली पाळी येण्याची वाट पाहत असतात. ही पेटी कोणाच्या विचारातून निघाली, पहिले नाणे कोणी टाकले, हे आईवडिलांनी त्या दिवशी जेवताना मुलांना अवश्य सांगावे. आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेल्यावर आपल्या शेजारच्या टेबलावर कोण अडचणीत आहे, याची स्वतःही चौकशी करावी. संत वालिएच्या कारखान्यात पॉलिनने आरंभ केला तो तेथूनच.